शिलाई मशीनचा पोळा

जुन्या काळ्या शिलाई मशीनचं वय तिच्यावरच्या सोनेरी नक्षीवरून काढता येतं. ही नक्षी सगळीकडे सारखी झिजत नाही. शिवणाऱ्याच्या पुढ्यातली पाटाची कड आधी कोरी होते, कारण तिथून कापड सरकतं आणि तिथेच मनगट घासतं. वरच्या दांडीवरचं कंपनीचं नाव बराच काळ तग धरतं. शिवणकामाने होणारी झीज अशी सावकाश आणि समजूतदार असते. खरा घात होतो तो खंडेनवमीला. खानदेशात पाचोरा असो, भडगाव असो की जामनेर, वर्षभर जिच्याकडे तेलाचे दोन थेंब घालण्यापुरतंच लक्ष जातं, ती मशीन त्या दिवशी चकचकीत दिसलीच पाहिजे. मग धुण्याचा सोडा निघतो, रॉकेलची बाटली निघते, फारच उत्साह असेल तर थिनर निघतं. घासून घासून हात दुखले की हळद-कुंकू, झेंडूचा हार आणि नारळ. मूळ नक्षी म्हणजे लॅकरखालचा अगदी पातळ पापुद्रा. सोडा लागला की सोनेरी रंग आधी चंदेरी पडतो आणि दोन-चार नवम्यांनंतर दिसेनासा होतो. हजारो सदऱ्या-लेंग्यांना जे नाव पुसता आलं नाही, ते असं भक्तीने पुसलं जातं. सिंगर कंपनीच्या काही मशीनवर इजिप्तमधला स्फिंक्स छापलेला असे, अंग सिंहाचं आणि डोकं माणसाचं. आपल्याकडे कुणी त्याला नृसिंह समजून कुंकू जरा जास्तच वाहिलं असेल, तर वाहणाऱ्याला बोल लावता येणार नाही.

हे गेलेलं नाव घरच्या इंकजेट प्रिंटरवर छापून पुन्हा मशीनवर बसवणारी एक जमात हल्ली तयार झाली आहे. सायकलीच्या दांडीवरची पट्टी, रेडिओच्या काचेखालची अक्षरं, स्कूटरच्या पुढच्या ढालीवरचं नाव, असं काहीही ही मंडळी छापतात. त्यासाठी एक खास कागद मिळतो. त्यावर पाण्यात विरघळणाऱ्या डिंकाचा थर असतो आणि डिंकावर पारदर्शक पापुद्रा. पापुद्र्यावर छापायचं, वरून वार्निशचे हलके हात मारायचे, कापून कोमट पाण्यात अर्धा-एक मिनिट बुडवायचं. डिंक सुटतो आणि नक्षी कागदावरून घसरून मशीनवर जाऊन बसते. च्युइंगमच्या पुड्यातला पाण्याचा टॅटू ज्यांनी हातावर उठवला आहे, त्यांना यातलं निम्मं येतंच. उरलेलं निम्मं एवढंच की टॅटू उलटा छापलेला असतो आणि हे सुलटं छापायचं असतं. हा फरक न कळलेल्या माणसाच्या मशीनवरचं कंपनीचं नाव आरशात बघून वाचावं लागतं. जाणकार या मंडळींकडे जरा संशयाने बघतात. जुन्या वस्तूला नवं नाव चिकटवणं म्हणजे बनवाबनवी, असा त्यांचा आरोप आहे. माझं म्हणणं असं की ही दुरुस्ती आहे, पंक्चर काढण्याइतकीच सरळ. आणि बनवाबनवीचा आरोप करायचाच असेल तर तो मूळ कंपन्यांवर आधी करावा लागेल.

कारण ही नक्षी जन्मापासूनच नक्कल आहे. भांडी, फरश्या, फर्निचर हाताने रंगवणारे कारागीर महाग पडू लागले, तेव्हा रंगवल्यासारखं दिसेल पण रंगवावं लागणार नाही, अशी युक्ती कारखानदारांनी काढली. 1756 साली लिव्हरपूलच्या जॉन सॅडलर आणि गाय ग्रीन या दोघांनी चक्क शपथपत्र केलं, की आम्ही सहा तासांत बाराशेच्या वर फरश्यांवर कागदावरून नक्षी उतरवली आणि शंभर कुशल चित्रकारांनाही तेवढ्या वेळात इतकं आणि इतकं नेटकं काम जमलं नसतं. नकलेचं ॲफिडेव्हिट करून देणारी माणसं हा प्रकार आपल्या तहसील कचेरीबाहेरही दुर्मीळच म्हणायचा. पुढे शिलाई मशीन आली. लोखंडी धूड घराच्या दिवाणखान्यात ठेवायला बायका तयार होईनात, म्हणून त्याला काळा चकचकीत रंग आणि वर सोनेरी वेलबुट्टी आली. ती वेलबुट्टी कुणा सोनाराने काढलेली नव्हती. तीही कागदावर छापून, ओली करून, घसरवून बसवलेली होती. म्हणजे ज्याला आज आपण हळव्या आवाजात ‘ओरिजिनल’ म्हणतो, ते त्या काळातलं घाऊक स्टिकर होतं. नंतर आपल्या हाताने तसंच दुसरं बसवणारा माणूस अस्सलाची नक्कल करत नाही. तो नकलेची नक्कल करतो, आणि ती करताना निदान मेहनत तरी जास्त घेतो.

यावर म्हणता येईल की कारखान्याची नक्कल वेगळी आणि घरची वेगळी. कारखान्याच्या नकलेमागे कंपनीचा शिक्का असतो. हा मुद्दा महाराष्ट्राने शंभर वर्षांपूर्वीच निकालात काढलेला आहे. राजा रविवर्म्याने 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी म्हणजे तैलचित्रांच्या नकला. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड, आणि तैलचित्राची चमक यावी म्हणून वर वार्निश. एवढंही पुरलं नाही म्हणून लोकांनी घरी आणून देवीच्या पदराला जर लावली, दागिन्यांच्या जागी टिकल्या आणि मणी चिकटवले. कारखान्याच्या नकलेवर घरच्या हाताने चढवलेली ही दुसरी नक्कल. तिच्यापुढे निरांजन ओवाळताना कुणी विचारलं नाही, की ही मूळ छपाई आहे की नंतरची करामत. खापरपणजीने लावलेली जर मूळ तसबिरीपेक्षा मोलाची ठरली. तेव्हा ‘घरी केलं म्हणून खोटं’ हा नियम आपल्याकडे कधी चाललेला नाही. तो फक्त मशीनच्या बाबतीत नव्याने काढलेला आहे.

घरी नक्षी छापून बसवण्याची ही मेहनत किती असते हे एकदा नीट सांगितलं पाहिजे, कारण फसवणारा माणूस इतका त्रास घेणार नाही हाही एक पुरावाच आहे. पहिला अडथळा प्रिंटर. 1977 मध्ये कॅननच्या इचिरो एंडो यांच्या हातून तापलेली डाग द्यायची कळ शाईच्या सुईला लागली, शाईचा थेंब उडाला आणि त्यातून शाई तापवून बुडबुड्याने थेंब फेकणारा प्रिंटर निघाला, असं सांगतात. त्या थेंबाचे वंशज आता घरोघर आहेत. मात्र खानदेशातल्या घरचा इंकजेट वर्षातून चारदा जागा होतो: हॉल तिकीट, सातबारा, आधार कार्ड आणि शाळेचा प्रकल्प. मधल्या काळात त्याची सूक्ष्म भोकं वाळून बंद होतात, आणि ती उघडण्याच्या स्वच्छता मोहिमेत छपाईपेक्षा जास्त शाई जाते. एवढं करून तो छापायला लागला, तरी त्याच्यापाशी दोन रंग नसतातच. एक पांढरा. त्याचा समज असा की पांढरा म्हणजे कागद. पारदर्शक पापुद्र्यावर पांढरी अक्षरं मागितली की तो कोरा पापुद्रा बाहेर काढतो, आणि काम पूर्ण झाल्याचा संदेश दाखवतो. दुसरा सोनेरी. लाखो रंगछटांची जाहिरात करणाऱ्या या यंत्राचं सोनं उमटतं ते बेसनाच्या रंगाचं. शिवाय शाई पातळ आणि पारदर्शक असल्यामुळे काळ्या मशीनवर ते बेसनही दिसत नाही. मग पांढऱ्या पापुद्र्याचा कागद घ्या आणि प्रत्येक अक्षर कडेकडेने कोरून काढा. सोनं म्हणावं की नाही हा वाद मी तरी घालणार नाही. दसऱ्याला आपट्याच्या पानाला सोनं म्हणून उराउरी भेटणाऱ्या समाजाने बेसनी पिवळ्यासमोर एकदम सराफाचा कस घेऊन बसू नये.

दुसरा अडथळा हवामान. इंकजेटची साधी शाई पाण्यात विरघळते, म्हणून छापल्यावर वार्निश आधी आणि पाणी नंतर. हा क्रम चुकला की वाटीत रंगपंचमी होते आणि हातात कोरा पापुद्रा राहतो. वार्निश मारायला मोसम लागतो. मे महिन्यात पारा 44-45 वर गेला की स्प्रेचा तुषार कागदापर्यंत पोहोचायच्या आतच वाळतो आणि पापुद्र्यावर खरखरीत पूड बसते. पावसाळ्यात दमट हवेमुळे वार्निशवर दुधी धुकं धरतं. इंग्रजी सूचनापत्रात ‘कोमट पाणी घ्या’ असं असतं. उन्हाळ्यात पाचोऱ्याच्या गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी आधी थंड करून कोमट करावं लागतं, याची कल्पना ते सूचनापत्र लिहिणाऱ्याला असणं शक्य नाही. म्हणजे दिवाळीपासून महाशिवरात्रीपर्यंतच काय तो या उद्योगाचा हंगाम, तोही कापूस, लग्नं आणि परीक्षा यांच्यामधून वाट काढत. इतक्या यातायातीनंतर पापुद्र्याखाली हवा राहून चंदेरी झाक उठतेच. एवढ्या कष्टाने कुणाला फसवायचं म्हटलं, तर त्यापेक्षा शेअर बाजार सोपा पडेल.

मग हा खटाटोप कशासाठी? आपल्या भागापुरतं उत्तर असं, की काही गोष्टी घरी छापल्याशिवाय मिळतच नाहीत. पाचोरा-जामनेर गाडीचं घ्या. अडीच फुटी रुळांवरची ही ‘पीजे’ पहिल्या महायुद्धाच्या अखेरीपासून वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर करत 56 किलोमीटर जात होती. मार्च 2020 च्या टाळेबंदीत ती थांबली, आणि पुढे मार्ग ब्रॉडगेज करण्याचं काम हाती घेतलं गेलं. आता कुणाला तिची प्रतिकृती करायची असेल, तर हौशी लोकांचं नेहमीचं माप 1:87 धरावं. त्यात अडीच फुटांचे रूळ जेमतेम नऊ मिलिमीटरचे होतात आणि तसे रूळ तयार मिळतातही. सगळा मार्ग मांडायला साडेसहाशे मीटर जागा लागेल, म्हणजे गाडी आपल्या ओट्यावरून सुटेल आणि जामनेर दुसऱ्याच गल्लीत, बहुधा भाऊबंदकी चालू असलेल्या काकांच्या अंगणात येईल. पण ते सुटेल. न सुटणारी गोष्ट म्हणजे डब्यावरची अक्षरं. जर्मन रेल्वेच्या, अमेरिकन मालगाड्यांच्या, दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांच्या नक्ष्या हव्या तेवढ्या विकत मिळतात. शेंदुर्णीची पाटी छापायला जगातली कोणतीही कंपनी बसलेली नाही, आणि बसणारही नाही.

ती आपल्यालाच छापायची, आणि तिथे देवनागरी आपला हिसका दाखवते. डब्यावरचं पंधरा सेंटिमीटरचं अक्षर या मापात पावणेदोन मिलिमीटरचं होतं आणि त्यावरचा अनुस्वार पाव मिलिमीटरचा. पापुद्रा शाई शोषत नसल्यामुळे ती किंचित पसरते, मात्रा शिरोरेघेत बुडते आणि ‘जंक्शन’ चं ‘जक्शन’ होतं. मध्य रेल्वेचं ‘म.रे.’ छापावं तर टिंबं गायब होऊन ‘मरे’ उरतं. वर्तमानपत्रांनी ते केव्हाच करून ठेवलं आहे, आणि रोज मरे त्याला कोण रडे म्हणून प्रवासीही गप्प आहेत. स्टेशनच्या पाटीचं निराळंच. आपल्याकडे पाटी मराठी, हिंदी आणि इंग्रजीत असते, म्हणजे पाचोरा हे नाव एकाच लिपीत, त्याच अक्षरांत, एकाखाली एक दोनदा लिहिलेलं असतं. प्रतिकृती पाहणारा परगावचा माणूस ती छपाईची चूक समजतो आणि एक ओळ वाचवायचा सल्ला देतो. पण दोन पाचोरे नसतील तर ते पाचोरा स्टेशन नव्हे. शिवाय अक्षराचं वळण. जुन्या पाट्या पेंटरने कुंचल्याने रंगवलेल्या. त्यांचा मराठी ‘ल’ आणि मराठी ‘श’ ऐटीत उभा असे. तेच नाव संगणकातल्या हाताशी आलेल्या ‘मंगल’ फॉन्टमध्ये काढलं की शेंदुर्णीची पाटी जप्तीच्या नोटिशीसारखी दिसते. म्हणून फोटो मोठा करून अक्षर न् अक्षर गिरवायचं. पुसून जाणारं एक पेंटरी वळण त्या निमित्ताने कुठेतरी नोंदलं जातं, हा या नादाचा आनुषंगिक फायदा. तोच मुख्य आहे असं म्हणून मी नाद करणाऱ्यांना समाजसेवक ठरवणार नाही.

इथे व्यवहारी माणूस मध्ये पडतो. भाऊ, बसस्टँडजवळ रेडियमवाला बसतो, दहा मिनिटांत कापून देईल, टिकेलही जास्त. रेडियमवाल्याबद्दल मला आदर आहे. खानदेशातल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांवरचा आई-वडिलांचा आशीर्वाद त्याच्यामुळेच अंधारात चमकतो. पण रेडियमची पट्टी जाड असते, तिची कड नखाला लागते, आणि नखाला लागलेली कड सोलली नाही असं मूल अजून जन्माला यायचं आहे. पाण्यावरून बसवलेला पापुद्रा वार्निशखाली बुडतो आणि बोट फिरवलं तरी कळत नाही. दुसरं, पट्टी कापणाऱ्या यंत्राला दोन मिलिमीटरची वेलांटी कापता येत नाही, आणि एका तुकड्यात एकाहून जास्त रंगही येत नाहीत. स्फिंक्स त्याच्याकडे नेला तर तो एकरंगी वाघ करून देईल. वाघाला गिऱ्हाईक जास्त आहे हे खरं.

आक्षेपांतला खरा वजनदार आक्षेप बाजाराचा आहे. लुधियानात सिंगरच्या नमुन्याबरहुकूम असंख्य नावांच्या मशीन बनल्या, आणि आतल्या भागांत एकमेकींचे सुटे भाग बसतात. अशा कोणत्याही मशीनवर उद्या घरी छापलेला स्फिंक्स बसवला आणि जुनी विलायती म्हणून विकली, तर? तर ती फसवणूक आहे, यात दुमत नाही, आणि व्यापारात दुसऱ्याचं चिन्ह वापरणाऱ्यासाठी 1999 चा ट्रेड मार्क्स कायदा आहे. पण गुन्हा विकताना बोललेल्या वाक्यात असतो. छापताना वापरलेल्या वाटीत नव्हे. गिऱ्हाइकाने अहिराणीत विचारलं, ‘हाई ओरिजिनल शे का?’ आणि विकणाऱ्याने नाव नवं बसवल्याचं सांगितलं, की विषय संपतो; उलट भाव थोडा पाडून मिळाल्याचा आनंद गिऱ्हाइकाला वेगळाच होतो. आता स्वतःच्या घरातल्या, न विकायच्या वस्तूवर नाव घालायला परवानगी कुणाची घ्यायची, हाही प्रश्न आहे. म्हैसूरच्या आयडियल जावाचा येझ्दी मोटारसायकलींचा कारखाना 1996 मध्ये बंद झाला. ॲटलास सायकलच्या साहिबाबादच्या कारखान्याचं काम 3 जून 2020 ला थांबलं, म्हणजे नेमक्या जागतिक सायकल दिनी, इतकं अचूक टायमिंग साधायला एरवी सरकारी खातं लागतं. अंगणात उभ्या सायकलीच्या दांडीवरची पट्टी गेली तर अर्ज कुणाकडे करायचा? मालक उरला आहे, सायकल उरली आहे. नावाचा सगळा विभाग मालकाच्या टेबलावर आलेला आहे.

सर्वांत साधा आक्षेप घरातून येतो: नाव नसलं तर मशीन शिवत नाही का? शिवते. टीप तशीच पडते, बॉबिन तशीच अडकते. या तर्काने बैलाच्या शिंगांना रंग देण्यानेही नांगरट सुधारत नाही. तरीही श्रावण अमावस्येच्या पोळ्याच्या आदल्या दिवसापासून खानदेशात घरोघर शिंगं घासून रंगवतात, अंगावर रंगाचे ठसे उठवतात, बाशिंग आणि झूल चढवतात. हा रंग मूळचा नसतो. तो दर वर्षी जातो आणि दर वर्षी पुन्हा दिला जातो. मागच्या वर्षीचा ओरिजिनल लाल जपून ठेवलेला बैल कुणी कौतुकाने मिरवत नाही. आणला तर मालकाला आळशी म्हणतील. सजावट मालकाने, आपल्या हाताने, पुन्हा पुन्हा करायची असते, हे आपण जित्या जनावराच्या बाबतीत निमूट मानतो. लोखंडाच्या बाबतीत मात्र एकदम संग्रहालयाचे अधिकारी होतो आणि उडालेल्या नक्षीला हात लावू नका म्हणतो. ज्या मशीनने घरातल्या तीन पिढ्यांचे कपडे शिवले, तिला वर्षातून एकदा सोड्याने खरवडायचं आणि नाव परत द्यायचं नाही, ही कसली पूजा? पोळ्याचा न्याय खंडेनवमीला लावला, की घरचा प्रिंटर आपोआप पूजासाहित्यात जमा होतो.

यात एक उपपंथ आहे, त्याला मात्र माझा पाठिंबा नाही. ही मंडळी नवी नक्षी बसवतात आणि मग ती मुद्दाम जुनी करतात. कागद चहाच्या पाण्याच्या रंगाचा छापतात, बसवल्यावर बारीक पॉलिश पेपरने कोपरे घासतात, मनगट जिथे टेकलं असतं तिथली वेल अदबीने उडवतात. न शिवलेल्या सदऱ्यांची ही झीज कुणाच्या खात्यावर मांडायची? पोळ्याला शिंगं रंगवून वर थोडा चिखल लावणाऱ्याला गाव काय म्हणेल, तेच यांना म्हणावं. आणि खानदेशात तर हा खर्च निव्वळ वाया आहे. इंकजेटची रंगद्रवाची शाई उन्हात भराभर फिकी पडते, हा तिच्यावरचा शेवटचा मोठा आक्षेप. कारखान्याची नक्षी पन्नास वर्षं टिकली, तुमची पाच तरी टिकेल का, असं विचारतात. खिडकीजवळच्या मशीनवर बहुधा नाहीच. दोन-तीन उन्हाळ्यांत किरमिजी आधी जाईल, काळा तपकिरी होईल, बेसन तेवढं बेसनच राहील, आणि चहाचं पाणी न वापरता मशीन हवी तितकी जुनी दिसू लागेल. तेव्हा नव्याने छापावं. त्यासाठी फाईल सांभाळावी लागेल, आणि ‘न्यू फोल्डर (3)’ मध्ये हॉल तिकिटाशेजारी ठेवलेली फाईल सापडते तेव्हा प्रिंटरची शाई वाळलेली असते.